जर्मनीच्या सफरीत आम्ही काय विसरलो

वडनेर भोलजीहून मुलीकडे जर्मनीला जाऊन आल्यापासून मला फोन फार येतात. नांदुऱ्याहून, मलकापूरहून, एकदा तर खामगावच्या एका अनोळखी गृहस्थांचा आला. कुणाचा मुलगा तिकडे शिकतोय, कुणाची लेक-जावई तिकडे नोकरीला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर आपल्या भागातली मुले जर्मन भाषेच्या शिकवण्या लावू लागली आहेत. मुले गेली की दोन-तीन वर्षांनी आई-वडिलांना बोलावणार, हे ठरलेलेच. म्हणून लोक विचारतात, "मास्तर, व्हिसा कसा मिळाला? बँकेत किती पैसे दाखवले? मुलाखतीत काय विचारले?"

मी सगळे सांगतो. पण "औषधांचे काय केले?" असे आजवर एकानेही विचारले नाही. आम्हीही तेव्हा कुणाला विचारले नव्हते.

माझी मुलगी नर्स आहे. अकोल्याला नर्सिंग केले, पुण्यात राहून जर्मन भाषेची बी-२ परीक्षा दिली आणि आता ती स्टुटगार्टजवळच्या एका गावात रुग्णालयात काम करते. जावईही तिथेच नोकरीला. २०२४ च्या शेवटी तिने फोनवर गोड बातमी दिली आणि लगेच म्हणाली, "अम्मीला पाठवा. जूनमध्ये मला अम्मी हवी." तिची अम्मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची, दहा वर्षांपासून साखरेचा आजार, सकाळी वीस आणि संध्याकाळी बारा युनिट इन्सुलिन. तिच्याकडे पासपोर्टही नव्हता. माझा होता, उमऱ्याच्या वेळी काढलेला. तिचे त्या वर्षी आजारपणामुळे राहून गेले होते.

पहिली अडचण नावाची आली. आपल्या वऱ्हाडात मुसलमानांची नावे कागदोपत्री कशी लिहितात, हे वाचकांना सांगायला नको. पुरुष असेल तर शेख अमुक शेख तमुक. बाई असेल तर माहेरी अमुक बी, सासरी अमुक परवीन, रेशनकार्डावर नुसते नाव आणि आधारवर टायपिंग करणाऱ्याला जे सुचेल ते. माझ्या पत्नीची चार कागदांवर चार नावे निघाली. त्यात मुलीच्या पासपोर्टवर आईचे नाव पाचव्या प्रकारे. गावात याने काही अडत नाही. पण पासपोर्टमध्ये आडनाव एका रकान्यात आणि नाव दुसऱ्या रकान्यात जाते, विमानाचे तिकीट आणि व्हिसा त्याच स्पेलिंगने निघतात, आणि ही बाई त्या मुलीची आई आहे हे तिसऱ्या देशातल्या माणसाला कागदावरूनच पटवायचे असते. आधी आधार दुरुस्त केले, मग राजपत्रात नावाची जाहिरात, मग पासपोर्टचा अर्ज. निकाहनामा उर्दूत, हाताने लिहिलेला, एका कोपऱ्यात शाई पसरलेली. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून घेतली, तेव्हा इंग्रजीत दाखवण्यासारखे काहीतरी हाती आले. लग्नाला पस्तीस वर्षे झाल्यावर नोंदणीला आलेले जोडपे पाहून ग्रामसेवक हसले, पण काम केले. पूर्ण झालेल्या पासपोर्टवर नाव शेवटी बरोबर आले, अल्हमदुलिल्लाह.

गावात कुणीतरी सांगितले की ती दहावी नाही, तिच्या पासपोर्टवर ईसीआर लागेल आणि विमानतळावर अडवतील. आखातात मजुरीला गेलेल्यांकडून ही भीती आपल्याकडे आली आहे. तिच्यात अर्धेच खरे आहे. इमिग्रेशन तपासणीची ती अट ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना असते, जर्मनी त्या यादीत नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ती लागूच नाही, शिक्षण असो वा नसो.

व्हिसाचे थोडक्यात सांगतो. जर्मनीला जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. तो एकोणतीस देशांना मिळून एकच असतो आणि त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. मोठ्या माणसाची फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी केलाच पाहिजे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालावा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. आम्ही मलकापूरहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो, ठसे दिले आणि त्याच रात्री परत निघालो. हे ठसे ५९ महिने जपून ठेवतात, तेवढ्या काळात पुन्हा अर्ज केला तर बहुधा परत मागत नाहीत.

मुलीने तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, पगाराच्या पावत्या दाखवून एक हमीपत्र काढले. त्याचे जर्मन नाव मला अजून उच्चारता येत नाही. आई-वडिलांचा राहण्याचा, खाण्याचा आणि आजारपणाचाही खर्च मी करीन, सरकारवर पडू देणार नाही, असे ती त्यात लिहून देते. आम्ही त्याला व्हिसाचा एक कागद समजलो. तो आपल्या लेकीच्या गळ्यातला करार आहे, हे पुढे कळले.

पहिला अर्ज नाकारला गेला. छापील कागदावर एका चौकटीत खूण होती, त्याचा अर्थ असा की तुम्ही ठरल्या मुदतीत परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही. मी तो कागद दोनदा वाचला. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतला निवृत्त मास्तर, तीन एकर कपाशी, दारात एक म्हैस, धाकटा मुलगा बारावीला. मी जर्मनीत राहून करणार काय? पण नंतर शांतपणे फाइल पाहिली तेव्हा लक्षात आले की यातले काहीच मी लावलेले नव्हते. मुलीचे कागद भरपूर, माझा नुसता बँकेचा उतारा. दुसऱ्या वेळी सातबारा, पेन्शनचा आदेश, मुलाच्या शाळेचा दाखला, सगळ्यांचे इंग्रजी भाषांतर आणि का जातो, कधी परत येतो याचे एक पानाचे सरळ पत्र जोडले. व्हिसा मिळाला. फी मात्र दोनदा गेली, ती परत मिळत नाही. तेव्हा नकारावर फेरविचार मागण्याची एक सोय होती, १ जुलै २०२५ पासून जर्मनीने तीही बंद केली आहे. आता नवा अर्ज, नाहीतर कोर्ट. म्हणून पहिलीच फाइल नीट लावा.

व्हिसाच्या चिकटपट्टीवर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल ही एक, आणि किती दिवस राहता येईल ही दुसरी. आमच्या तारखा मोठ्या होत्या, पण दिवस ७५ होते. तिकीट दिवस मोजून काढायचे असते. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे संगणकात नोंदवायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे दिवसांचा हिशेब आता यंत्रच करते.

व्हिसासाठी प्रवासाचा आरोग्य विमा लागतो, किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. एजंटने विचारले, "काही आजार?" मी साखर म्हणालो. तो म्हणाला, "लिहू नका मास्तर, हप्ता वाढेल. व्हिसाला पॉलिसी पाहिजे, ती मिळते ना?" मी लिहिले नाही. खोटे लिहिले असे तेव्हा मला वाटलेही नाही, कारण कागद माझ्या मनात आजारासाठी नव्हताच, तो व्हिसाच्या साहेबासाठी होता.

बॅगा भरायला घरात आठ दिवस लागले. पत्नीला बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचे होते. मुलीने फोनवर यादीच कापली. दूध, तूप, खवा, मांस यातले काहीही बाहेरून युरोपात नेता येत नाही. ताजी फळे-भाज्याही कागदाशिवाय चालत नाहीत, सूट फक्त केळी, अननस, नारळ, ड्युरियन आणि खजुराला. आणि खसखस? आम्ही दुबईला विमान बदलणार होतो. तिथे खसखस अमली पदार्थांत मोजतात, चिमूटभरही बाळगू नये. काही गोळ्यांचेही तसेच आहे, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या परवानगीशिवाय तिथून नेऊ नयेत. शेवटी डिंक, खारीक आणि मेथी घेतली. लाडू पत्नीने तिकडेच केले, दुकानातल्या बिनमिठाच्या लोण्याचे तूप काढून. वास सगळ्या इमारतीत गेला होता.

इन्सुलिनच्या कुपीबद्दलही मुलीने सांगितले होते, "अम्मी, हातातल्या पिशवीत ठेवा." पण मला कुणीतरी सांगितले की विमानात १०० मिलीपेक्षा जास्त पातळ वस्तू नेऊ देत नाहीत, सुया तर काढूनच घेतात. म्हणून मी शहाणपणा केला. दोन्ही कुप्या थंड पिशवीत गुंडाळून मोठ्या बॅगेत मध्यभागी ठेवल्या. सिरिंजचे पाकीट आणि साखर मोजायचे यंत्र तेवढे चुकून तिच्या पर्समध्ये राहिले. खरे म्हणजे औषधाला त्या १०० मिलीच्या नियमातून सूट आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली की इन्सुलिन आणि सुया सोबत नेता येतात. उलट विमानाच्या पोटात सामानाच्या जागी थंडी फार असू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दिसायला ते तसेच दिसते.

२४ मे २०२५, शनिवार. दुपारी फ्रँकफर्टला उतरलो. अधिकाऱ्याने कुठे जाणार, किती दिवस, परतीचे तिकीट, एवढेच विचारले आणि शिक्का मारला. इतके महिने ज्या क्षणाची धास्ती घेतली, तो दोन मिनिटांत संपला. मग सामानाच्या पट्ट्याजवळ उभे राहिलो. एक बॅग आली, दुसरी आली. मोठी आलीच नाही. पट्टा थांबला तरी आम्ही उभेच होतो.

बॅग हरवल्याची नोंद करून तिचा नंबर घेतला आणि जावयासोबत गाडीत बसलो. पत्नीने सकाळचे इन्सुलिन "तिकडे पोचल्यावर घेईन" म्हणून घेतले नव्हते, आता संध्याकाळचेही नव्हते. घरी पोचेपर्यंत तिचा घसा कोरडा पडला, सारखी लघवीला जाऊ लागली. यंत्रावर आकडा आला ३४८.

मुलगी आठव्या महिन्याच्या पुढे, पण तिच्यातली नर्स जागी झाली. तिने पहिले विचारले, "इन्सुलिन कुठले? नाव सांगा." डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव होते, तेही डॉक्टरी अक्षरात. भारतातली चिठ्ठी तिथल्या औषधांच्या दुकानात चालत नाही, आणि इन्सुलिन डॉक्टरच्या कागदाशिवाय मिळत नाही. शनिवारची रात्र, रविवारी सगळी दुकाने बंद. इकडे वडनेरला तेव्हा रात्रीचा साडेबारा वाजलेला, कारण उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. धाकट्याला उठवले. त्याने फ्रिजच्या दारातल्या जुन्या खोक्याचा फोटो काढून पाठवला. त्यावर औषधाचे खरे नाव होते, ३०/७० होते आणि बारीक अक्षरात '४० आययू प्रति मिली' असेही होते. हे शेवटचे मी वाचले, पण मला त्याचा अर्थ लागला नाही.

तिथे जिवावरच्या प्रसंगाला ११२ हा नंबर आहे, तो युरोपीय संघात सगळीकडे चालतो. पण डॉक्टर तर हवा आहे आणि दवाखाने बंद आहेत, अशा वेळेला जर्मनीत ११६११७ हा वेगळा नंबर असतो. जावयाने तो लावला, त्यांनी जवळच्या रुग्णालयातला रात्रीचा दवाखाना सांगितला. तिथल्या डॉक्टरणीने तपासले, लघवी तपासली, खोक्याचा फोटो पाहून कागद लिहून दिला. मग रात्रपाळीचे औषधांचे दुकान शोधले. दारातल्या छोट्या खिडकीतून औषध देतात, रात्रीचे अडीच युरो जास्त घेतात. भरलेली इन्सुलिनची पेने आणि त्यांच्या सुया मिळाल्या. घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

पत्नीने पेन कधी वापरले नव्हते. ती म्हणाली, "मला याचे कळत नाही. माझी सिरिंज आहे ना पर्समध्ये, त्यानेच द्या." मला ते सोपे वाटले. पेनाच्या टोकाच्या रबरातून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये इन्सुलिन ओढले, बारा रेघांपर्यंत. तिने बाही वर केली. मी बिस्मिल्लाह म्हटले.

मुलगी तिच्यासाठी भाकरी गरम करत होती. दारातून बघून ओरडली, "अब्बा, थांबा! ती सिरिंज कुठली?"

आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत सर्रास एका मिलीमध्ये ४० युनिट असतात, आणि लाल टोपणाच्या सिरिंजच्या रेघा त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. पेनातले इन्सुलिन सहसा एका मिलीला १०० युनिटांचे असते, जर्मनीतही आणि भारतातही. लाल टोपणाच्या सिरिंजवर बारा रेघा म्हणजे ०.३ मिली. कुपीतले असते तर बारा युनिट गेले असते. पेनातले ०.३ मिली म्हणजे तीस. अडीच पट. सकाळचे वीस मी तसेच दिले असते तर पन्नास गेले असते, उपाशीपोटी.

मी तीस वर्षे पोरांना गणित शिकवले. त्रैराशिक तर माझ्या आवडीचे. ती सिरिंज हातात धरून मी किती वेळ तसाच उभा होतो ते आठवत नाही. मुलीने ती काढून घेतली, पेनाला सुई लावली, आकडा बारावर फिरवला आणि अम्मीला इंजेक्शन दिले. ती रागावली नाही. तिचे हात मात्र थरथरत होते, हे मी पाहिले.

बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली. कुप्या दिसायला धडधाकट होत्या. मुलीने दोन्ही टाकून दिल्या.

डॉक्टर आणि औषधाचे बिल विमा कंपनीकडे पाठवले. उत्तर आले की आजार आधीपासूनचा होता आणि तो जाहीर केलेला नव्हता, त्यामुळे दावा मंजूर होत नाही. बिल जावयाने भरले. ते परवडण्यासारखे होते. पण त्या रात्री ती तीस युनिटे आत गेली असती आणि अतिदक्षता विभागात ठेवावे लागले असते, तर ते बिल कुणाच्या नावावर गेले असते? हमीपत्रावर सही लेकीची होती. पॉलिसीत आजार लिहिला तर हप्ता वाढतो, आणि काही कंपन्या जुन्या आजारात फक्त जीव वाचवण्यापुरताच खर्च देतात, हे खरे आहे. ते वाचून, विचारून, जास्त पैसे देऊन घ्यावे. एजंट आपल्याला व्हिसा मिळवून देण्यापुरताच सोबत असतो.

पुढचे दिवस चांगले गेले. ईद-उल-अजहा तिकडे ६ जूनला झाली, वडनेरला दुसऱ्या दिवशी. तुर्की मशिदीत नमाज पढलो, अनोळखी लोकांनी गळाभेट घेतली. त्यानंतर दीड आठवड्याने नात झाली.

वेळेने मात्र आम्हाला पुन्हा एकदा फसवले. आपल्याकडे मगरिब झाली की जेवण. तिकडे जूनमध्ये मगरिबच साडेनऊच्या सुमारास. पत्नी सवयीने संध्याकाळी सातला इन्सुलिन घेई आणि मगरिब पढून जेवायला बसे. दुसऱ्याच आठवड्यात एकदा ती घामाघूम होऊन सोफ्यावर कलंडली, साखर ६२. साखरेचे पाणी दिल्यावर दहा मिनिटांत बोलू लागली. तेव्हापासून मुलीने जेवण घड्याळाला बांधले, उजेडाला नाही. आठला इन्सुलिन, साडेआठला जेवण, नमाज नंतर. साखरेचा आजार असणाऱ्यांनी उन्हाळ्यात तिकडे जाताना हे आधीच डॉक्टरांशी बोलावे.

बाकी धोका म्हणाल तर तिथे गोचीडाचा आहे, यावर गावात कुणी विश्वास ठेवत नाही. दक्षिण जर्मनीत गवतातले गोचीड चावून मेंदूला सूज आणणारा आजार होतो. त्यावर लस आहे. आम्ही घेतली नव्हती, म्हणून गवतात बसत नसू आणि फिरून आल्यावर पायजमा, मोजे तपासत असू. सायकलींची वेगळी वाट असते, तिच्यावर चालू नये, मागून घंटी वाजते ती रागाची असते. तिकिटाशिवाय गाडीत चढलात तर ६० युरो दंड. नळाचे पाणी पिण्यासारखे आहे. आपल्या रोजच्या गोळ्या तीन महिन्यांपुरत्या नेता येतात, त्या मूळ वेष्टनातच न्याव्यात.

आता मला फोन आला की मी आधी विचारतो, घरात कुणाला काय औषध चालू आहे. मग त्यांना एक कागद करून घ्यायला सांगतो, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा, इंग्रजीत, सुवाच्य. त्यावर आजाराचे नाव, औषधाचे मूळ नाव, किती आणि कधी. इन्सुलिन असेल तर कुपी की पेन आणि ४० की १०० तेही. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. मागच्या महिन्यात मलकापूरच्या एका भाईंनी तो कागद बनवून घेतला आणि मला विचारले, "मास्तर, हा फाइलमध्ये कितव्या नंबरला लावू?" मी म्हणालो, "फाइलमध्ये नको, भाभींच्या पर्समध्ये ठेवा."

येत्या मार्चमध्ये पुन्हा बोलावणे आहे. पत्नीने आत्ताच इन्सुलिनची छोटी पिशवी, पेन, नव्या सुया, चिठ्ठी आणि खडीसाखर पर्समध्ये लावून पाहिली. सगळे मावते का ते बघत होती. मावले. फक्त पासपोर्टला जागा राहिली नाही म्हणून तो तिने मोठ्या बॅगेत टाकला होता. तो मी काढून माझ्या खिशात ठेवला.